पंडितेने टाकलेली भाषा

आमच्या घरी सण नाताळचा. तरी दिवाळीचा फराळ शेजारच्या तीन घरांतून येतो आणि त्याच्याबरोबर दिवाळी अंकही. तेव्हा या पानांवर पंडिता रमाबाईंच्या लेखनाविषयी लिहिताना मला परकेपणा वाटत नाही. धाकधूक वाटते ती निराळ्याच कारणाने. ज्यांचे नाव माझी आजी हात जोडून घेई, त्यांचे शेवटचे आणि सर्वांत मोठे पुस्तक मला आवडत नाही, असे मी लिहिणार आहे.

आधी आवडते ते सांगते. १८८९ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे अमेरिकेचे प्रवासवृत्त ज्यांनी वाचले नसेल, त्यांनी या सुटीत मिळवून वाचावे. १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतलेल्या रमाबाई १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी अमेरिकेस गेल्या. तेथे त्यांची नजर रेंगाळते ती बायकांनी चालविलेल्या संस्थांवर. सभा कशा भरवतात, पैसा कसा उभा करतात, दारूबंदीची चळवळ गावोगाव कशी नेतात, हे त्या एखाद्या कारभारणीच्या डोळ्याने टिपतात. काळ्या लोकांना मिळणारी वागणूक पाहून संतापतातही. वाक्ये लांब असली तरी खेळती आहेत आणि टोमणा नेमका बसतो. श्रद्धा आणि कारभार असे दोन कप्पे या बाईंच्या मनात नव्हतेच, हे मला त्यांच्या प्रार्थनांपेक्षा या पुस्तकात जास्त जाणवते.

असे कप्पे नसले की दोन्हीकडून मार बसतो. १९७७ साली छापला गेलेला त्यांचा पत्रव्यवहार पाहा. ख्रिस्ती झाल्यावरही पुडिंगातले अंडे त्यांना चालेना. क्रुसावरची अक्षरे लॅटिनमध्येच का, संस्कृतात का नकोत, असे त्या विचारत. चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात असताना त्यांनी तरुण पुरुषांना शिकवावे असा विचार निघाला, तर हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. त्यावर रमाबाईंनी जे लिहिले त्यात नम्रता आहे, शरणागती नाही.

मीही तीस वर्षे मुलींची शाळा चालविली. मुख्याध्यापिका झाले त्या वर्षी एक संस्थाचालक मला म्हणाले, “बाई, तुमची प्रार्थना घरी ठेवा.” त्याच वर्षी एका पाळकांनी सुचविले, “शाळा एखाद्या पुरुषाच्या हाती द्या, तुम्ही रविवारचे वर्ग सांभाळा.” त्यामुळे ही पत्रे मला तटस्थपणे वाचता येत नाहीत, हे कबूल करते.

पण म्हणून रमाबाईंची प्रत्येक बाजू मी घेणार नाही. १८९३ साली शारदा सदनावर पुण्यात गहजब झाला, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. सदनात धर्माचा आग्रह होणार नाही असा शब्द होता. रमाबाई आग्रह करीत नव्हत्या. त्या दार उघडे ठेवून प्रार्थना करीत, एवढेच. परंतु आपण जिच्या आधाराने राहतो तिच्या उघड्या दाराचे मुलीच्या मनावर किती वजन पडते, हे वसतिगृह सांभाळलेल्या बाईला सांगावे लागत नाही. आमच्या लोकांनी लिहिलेली चरित्रे हा मुद्दा फार घाईने ओलांडतात.

आता बायबल. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये, दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुलींचा संसार चालवीत, रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून संपूर्ण बायबल मराठीत आणले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या. ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला. ही बाई लहानपणी आईबापांबरोबर तीर्थोतीर्थी पुराण सांगत फिरलेली. तिच्या जिभेवर केवढे भांडार असेल! भाषांतरात तिने ते बाहेरच ठेवले. ज्या शब्दांना जुन्या देवळाचा वास येतो ते वगळले आणि नुकत्याच अक्षर शिकलेल्या मुलीला कळेल तेवढेच ठेवले. रेव्हरंड टिळकांनी ख्रिस्ताला अभंगात बसविले आणि जुने शब्द नव्या घरात नांदविले. रमाबाईंना तो मार्ग मानवला नाही. परिणामी त्यांचे वाक्य नेमके, पण ताठ आणि कोरडे झाले. स्तोत्रांत तर ते फारच बोचते. मराठी गद्याचे हे नुकसान झाले असे मला वाटते, आणि ते त्यांनी जाणून केले असावे. मुक्तीच्या छापखान्यात खिळे जुळविणाऱ्या मुलींपैकी कितीतरी जणी तेथेच वाचायला शिकलेल्या होत्या.

आजीच्या पेटीतली ती प्रत या पावसाळ्यात मी बाहेर काढली. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींना वाचता येत नाही. त्यांना एका संध्याकाळी रूथची गोष्ट वाचून दाखविली. दोघी विधवा, सासू आणि सून, दुष्काळ, परका गाव. मावशींनी एकाही शब्दाचा अर्थ विचारला नाही. तांदूळ निवडता निवडता एवढेच म्हणाल्या, “मग सासूला जमीन परत मिळाली का?”

रात्री मी मात्र प्रवासवृत्तच पुन्हा उशाशी घेतले.