सिकलसेलचा पाठ आणि एक गाळलेले लक्षण

बालभारतीने २०१७ साली काढलेल्या नववीच्या विज्ञान पुस्तकात आनुवंशिकतेच्या प्रकरणात सिकलसेलला, म्हणजेच दात्रपेशी पांडुरोगाला, बरीच जागा दिलेली आहे. हिमोग्लोबिनच्या साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते आणि एवढ्याशा बदलाने तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, हे पुस्तक नीट सांगते. रोगी व वाहक यांतील फरकही स्पष्ट करते. पाठ्यपुस्तक हाती आले की चुका शोधायच्या, ही आपली सवय. म्हणून हे आधीच नोंदवलेले बरे.

नंदुरबार जिल्ह्यात भिल्ल, पावरा समाजांत वाहकांचे प्रमाण मोठे आहे. तेथे हा पाठ बाकावर बसलेल्या काही मुलांच्या स्वतःच्या रक्ताची हकिकत ठरतो. पाठाचा रोख मात्र पुढच्या पिढीवर आहे: वाहकाने वाहकाशी विवाह टाळावा. सल्ला महत्त्वाचा आहेच. पण जो मुलगा आजच रोगी आहे, त्याच्या हाती काय लागते?

लक्षणांची यादी पाहा. हातापायांची सूज, सांधेदुखी, अंगदुखी, वारंवार सर्दी-खोकला, बारीक ताप, थकवा, फिकट चेहरा. यात एक लक्षण नाही. शिश्न ताठर होते, ती ताठरता उतरत नाही आणि वेदना वाढत जातात. वैद्यकात याला प्रायापिझम म्हणतात. सिकलसेलच्या पुरुष रोग्यांत, अगदी लहान मुलांतही, ते होऊ शकते. आपल्याकडील बऱ्याच रोग्यांच्या रक्तात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन अधिक टिकून राहते आणि त्यामुळे रोग काहीसा सौम्य असतो, हे खरे. पण ज्याला त्रास होतो, त्याला या सरासरीचा काय उपयोग?

खरे तर पाठातले तत्त्वच येथे लागू पडते. शिश्नात स्पंजासारख्या ऊतींच्या दोन नळ्या असतात. त्यांत रक्त भरले की ताठरता येते आणि शिरांवाटे रक्त परतले की ती उतरते. वाकलेल्या पेशींनी परतीची वाट अडवली, तर रक्त तुंबते. तुंबलेल्या रक्तातला प्राणवायू कमी होतो आणि तो कमी झाला की आणखी पेशी वाकतात. मनात कोणते विचार होते याच्याशी याचा संबंध नाही. कित्येकदा हा त्रास झोपेतच सुरू होतो.

काही वेळा तो तासाभरात थांबतो आणि पुन्हा कधीतरी येतो. तेव्हा भरपूर पाणी पिणे, लघवीला जाणे, थोडे चालणे, कोमट पाण्याने अंघोळ, वेदनाशामक गोळी, एवढ्याने भागू शकते. तरी डॉक्टरांच्या कानावर घालायलाच हवे. बर्फ लावू नये. चार तासांपर्यंत ताठरता उतरली नाही, तर ती तातडीची अवस्था होय. डॉक्टर सुईने तुंबलेले रक्त काढून घेतात आणि रक्तवाहिन्या आकसवणारे फेनिलेफ्रीन टोचतात. दिवस-दीड दिवस असाच गेला, तर आतील ऊतींची हानी होऊन पुढे नैसर्गिक ताठरता कायमची जाण्याचा धोका मोठा असतो. धडगाव किंवा अक्कलकुव्याच्या डोंगरातून निघायचे, तर दोन तासांनंतर वाट पाहण्यात अर्थ नाही.

आता आश्रमशाळेच्या वसतिगृहातल्या मुलाचा विचार करा. पहाटे जाग येते, दुखते आहे. सांगायचे कोणाला? ‘आपल्या वाईट सवयीने हे झाले’ अशी त्याची समजूत होते. हस्तमैथुनाने असा रोग होत नाही, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. लैंगिक शक्तीच्या औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. तरी भिंतीवरच्या ‘गुप्तरोग’वाल्या पाट्याच त्याने वाचलेल्या असतात. यादीतील सांधेदुखी तो सरांना सांगेल. यादीत नसलेले हे दुखणे तो लपवील आणि तास निघून जातील.

पाठ्यपुस्तकात असे शब्द कसे छापायचे, असे विचारले जाईल. मराठीला हे बोलणे नवे नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवले आणि वाचकांच्या लैंगिक शंकांना शास्त्रीय उत्तरे दिली. त्याबद्दल १९३४ साली खटला झाला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली, तरीही दंड झालाच. आज छापायला अडचण आहे ती सवयीची.

पुस्तक बदलेल तेव्हा बदलो. तोवर हा भाग शिकवताना ‘शिश्नाची न उतरणारी, दुखणारी ताठरता’ हे शब्द शिक्षकाने फळ्यावरच्या यादीत, इतर लक्षणांच्याच आवाजात, लिहावेत. अधीक्षकांनाही ते ठाऊक हवेत. रात्री कोणाला उठवायचे आणि १०८ ला फोन कोणी करायचा, हे आधी ठरलेले असावे. दवाखान्यात पोचताच पहिल्या वाक्यात ‘याला सिकलसेल आहे’ हे सांगावे आणि त्रास किती वाजता सुरू झाला तेही.