एका हौशी धांवपटूचें आत्मकथन

जपानी कादंबरीकार हारुकी मुराकामी वयाच्या ३३व्या वर्षीं धांवूं लागले. या छंदावरील त्यांचें आत्मकथन २००७ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांतील सरावाची जंत्री कधींकधीं कंटाळवाणी होते, हें मान्य केलेंच पाहिजे. परंतु ग्रंथाचें खरें मोल पराक्रमांत नाहीं. १९९६ सालीं सारोमा सरोवराकाठीं १०० किलोमीटर धांवल्यावर त्यांचा उत्साह ओसरला. पुढें मॅरॅथॉनला लागणारा वेळहि वाढूं लागला. हौशी धांवपटूची स्पर्धा कालच्या स्वतःशींच असते, आणि ती एक दिवस हरावीच लागते. हें जाणूनहि सराव न सोडणारा हा लेखक पन्नाशी उलटलेल्या आमच्यासारख्या वाचकास खोटा धीर देत नाहीं. म्हणूनच त्याचा शब्द आम्हांस खरा वाटतो.