काम नसताना

फोर्डची मस्टँग जीटी जुलै 2016 मध्ये रीतसर भारतात विकायला आली. दिल्लीत शोरूमची किंमत 65 लाख, पाच लिटरचं व्ही-8 इंजिन, आणि कागदावर ताकद सुमारे 395 अश्वशक्ती. अमेरिकेत हेच इंजिन 435 देत होतं. मधली चाळीस अश्वशक्ती कुठल्या समुद्रात सांडली, यावर शौकिनांची चर्चा तेव्हापासून सुरू आहे आणि ती चाळिसावर कधीच थांबत नाही. दुसरा चहा येईपर्यंत गाडी सुपरचार्जरवर, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणाऱ्या यंत्रावर येते, आणि मग खरा वाद पेटतो: रूट्स, ट्विन-स्क्रू की सेंट्रिफ्यूगल?

वादात पडण्याआधी अडचण सांगून टाकतो. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी 2019 चा निकाल पाहता, कंपनीच्या मूळ रचनेत असा बदल करून गाडी रस्त्यावर आणण्याचा विषय आरटीओच्या दारात न नेलेलाच बरा. म्हणून पुढचं सगळं मी खरेदीदार म्हणून नव्हे, श्रोता म्हणून लिहितो आहे. घ्यायचंच नाही म्हटल्यावर आवड जरा स्वच्छ राहते.

शिवाय ही तिन्ही यंत्रं नागपूरकराला परकी नाहीत. त्याने ती गाडीच्या बॉनेटखाली पाहिलेली नाहीत, एवढंच. सांडपाण्याच्या टाकीत हवा सोडणारा, सिमेंट किंवा राख पाइपातून पुढे ढकलणारा जो घुमणारा डबा कारखान्यांत असतो, तो रूट्स ब्लोअर. स्क्रू तर विदर्भातल्या प्रत्येक गावाने ऐकलाय. मार्च-एप्रिलमध्ये विहिरी तळाला गेल्या की बोरिंगच्या गाड्या येतात, बऱ्याचशा थेट तामिळनाडूतल्या तिरुचेंगोडच्या. दगड फोडून भुकटी वर फेकणारी हवा त्या लॉरीवरचा स्क्रू कॉम्प्रेसर देतो. रात्रभर कानात घुसणाऱ्या त्या आवाजाला शिव्या घालणाऱ्यांनी हेही जाणावं की डॉज हेलकॅटच्या 707 अश्वशक्तीमागे त्याच कुळातला एक 2.4 लिटरचा भाऊबंद आहे.

आणि सेंट्रिफ्यूगल? तो सोनेगावच्या विमानतळावर रोज मध्यरात्री उतरायचा. जानेवारी 1949 च्या अखेरीस रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास अशा चार दिशांची विमानं नागपूरला एकत्र यायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची, आणि पहाटेआधी ती आपापल्या गावी परत निघायची. त्या सेवेतल्या डाकोटांच्या प्रत्येक ट्विन वास्प इंजिनात गिअरवर चालणारा सेंट्रिफ्यूगल सुपरचार्जर होता. ही आठवण मी केवळ गावाच्या अभिमानापोटी काढत नाही. विमानाचं इंजिन तासन् तास एकाच, नेमून दिलेल्या आरपीएमवर चालतं, आणि सेंट्रिफ्यूगलचा सगळा स्वभाव त्यातून उलगडतो.

आता एकेकाला जवळून ऐकू.

रूट्स बंधूंनी, फिलँडर आणि फ्रान्सिस यांनी, इंडियानात 1860 मध्ये पेटंट घेतलं तेव्हा मोटारगाडी जन्मायची होती. त्यांचा ब्लोअर भट्ट्यांना वारा घालायचा. दोन रोटर एकमेकांना न शिवता फिरतात, पाळ्या आणि भिंत यांच्यामधल्या पोकळीत हवा पकडतात आणि पलीकडे नेऊन सोडतात. गंमत अशी की आत ती दाबली जातच नाही. दाब तयार होतो बाहेर, मॅनिफोल्डमध्ये. पोकळीचं तोंड उघडताक्षणी तिथली दाबलेली हवा उलटी आत घुसते, आदळते, आणि मगच सगळा ऐवज पुढे सरकतो. प्रत्येक पाळीबरोबर एक धक्का, एक ठोका. जुन्या रूट्सचा तो रडका-भरडा सूर या आदळण्यातून येतो आणि त्याची बदनाम उष्णताही तिथूनच येते. सौंदर्य आणि दोष एकाच जागी सापडावेत, असं यंत्रांत फार वेळा होत नाही.

स्क्रूचं काम जास्त सुसंस्कृत. स्वीडनच्या आल्फ लिशोल्म यांनी 1930 च्या दशकात त्याला व्यवहारात आणलं. एक नर रोटर, एक मादी रोटर, दोघे पीळ घातलेले. हवा एका टोकाने शिरते आणि पुढे सरकताना तिची जागा आक्रसत जाते. दाराशी पोचेपर्यंत ती दाबलेली असते, आदळआपट नाही. म्हणून त्याच दाबाला हवा कमी तापते. आवाज मात्र तार सप्तकातला, एकसंध, चढत जाणारा. हेलकॅटचं अर्धं गिऱ्हाईक त्या आवाजाचं आहे, असं माझं मत. उरलेलं अर्धं तसं कबूल करत नाही.

सेंट्रिफ्यूगलमध्ये पकडापकडी नाही. पंख्यासारखं चाक मिनिटाला 50,000 च्या घरात फिरतं, हवा कडेला भिरकावतं, आणि त्या वेगाचं पुढे रुंदावत जाणाऱ्या वाटेत दाबात रूपांतर होतं. कार्यक्षमतेत तिघांत बहुधा हाच पुढे. पण दाब वाढतो तो साधारण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. सात हजार आरपीएमला आठ पाउंड (टायरवाल्याचाच पाउंड) देणारा नग साडेतीन हजाराला जेमतेम दोन देतो, आणि दोन हजाराला एकही नाही. डाकोटाला याची पर्वा नव्हती. धंतोलीतून बर्डीकडे निघालेल्या माणसाला असते.

आता नागपूर मध्ये येतं, म्हणजे ऊन येतं. इथे 23 मे 2013 ला पारा 47.9 वर गेला होता. मे 2024 मध्ये तर एका स्वयंचलित केंद्राने 56 दाखवले. सेन्सर बिघडला होता, असा खुलासा हवामान खात्याने केला, पण तोवर गावाने तो आकडा विनातक्रार मान्य केला होता. हवा 45 अंशांना असेल तर डिसेंबरातल्या 12 अंशांच्या पहाटेपेक्षा ती सुमारे दहा टक्के विरळ असते. तेवढा प्राणवायू सुरुवातीलाच गेला. त्यावर आठ पाउंड दाब चढवला की ढोबळ हिशेबाने जुन्या धाटणीच्या रूट्समधून हवा 120 अंशांच्या आसपास बाहेर पडते. चांगला स्क्रू किंवा नवा रूट्स ती शंभर-एकशे पाचवर रोखतो, सेंट्रिफ्यूगल आणखी थोडा खाली. एवढ्या तापलेल्या हवेत ठिणगीनंतर उरलेलं मिश्रण ज्योत पोचायची वाट न पाहता आपोआप पेटू लागतं, नॉकिंग होतं, आणि संगणक घाबरून ठिणगी मागे ओढतो. विकत घेतलेली ताकद अशी उन्हात परत जाते.

इंटरकूलर आहे ना, असं म्हणाल. आहे, पण तो हवेला भोवतालच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. रूट्स आणि स्क्रू व्ही-8 च्या दोन रांगांमध्ये, इंजिनाच्या डोक्यावरच बसतात, आणि बहुधा त्यांच्यालगतच इंटरकूलर असतो. झिरो माइलजवळच्या सिग्नलला मे महिन्यात चार मिनिटं उभं राहिलं की खालून इंजिन आणि वरून बॉनेट मिळून तो ठोकळा शिजवून काढतात. सेंट्रिफ्यूगल इंजिनापुढे कडेला लटकतो, त्याची हवा थेट जाळीमागच्या कूलरकडे जाते. या बाबतीत तो निर्विवाद शहाणा. डॉजने 2018 च्या डेमनमध्ये वेगळी युक्ती केली: गाडीच्या एसीतला गारवा काढून इंटरकूलरच्या पाण्याला दिला. कल्पना अफलातून आहे, पण मे महिन्यात आपला एसी इंजिनाला देणारा नागपूरकर मला अजून भेटायचाय.

इथवर पाहता माझं मत सेंट्रिफ्यूगलला जायला हवं. जात नाही. कारण सुपरचार्जर जोर लावताना कसा वागतो यापेक्षा, त्याला काम नसताना तो कसा वागतो, हे मला जास्त सांगून जातं. बाकी सगळ्या पत्रकांत पूर्ण थ्रॉटलचे आकडे असतात, आणि पूर्ण थ्रॉटल हा गाडीच्या आयुष्यातला नगण्य काळ.

समृद्धी महामार्गाचंच घ्या. डिसेंबर 2022 मध्ये नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला, जून 2025 मध्ये पूर्ण 701 किलोमीटर. मोटारीला मर्यादा 120 ची. त्या वेगाला मस्टँग सहाव्या गिअरमध्ये दोन हजार आरपीएमच्या थोडी वर असते. म्हणजे सेंट्रिफ्यूगल बसवून तुम्ही शिवमडक्याहून निघालात तर थेट आमणेपर्यंत तुम्ही मूळ गाडीच चालवता. पुढचा ट्रक ओलांडायला पाय दिला, गिअर खाली आला, आरपीएम चढू लागले, आणि दाब खरा रंगात येतो तेव्हा ट्रक मागे पडलेला असतो. तो रंग पाहायचा तर कायदा मोडावा लागतो. उलट पोकळीत हवा पकडणारे दोघे पाय टेकताच हजर.

त्या दोघांत निवडायचं तर बायपास व्हॉल्व्ह पाहावा. थ्रॉटल हलका असताना तो उघडतो आणि हवा ब्लोअरला वळसा घालून गोल फिरते. रूट्स मुळात आत काही दाबतच नसल्याने अशा वेळी तो जवळपास मोकळा फिरतो, इंजिनाकडून फारसं काही मागत नाही. स्क्रूला ते साधत नाही. त्याच्या पिळातच दाबणं आहे. बाहेर गिऱ्हाईक असो-नसो, तो आत हवा आवळत राहतो आणि थोडी का होईना, उष्णता करतो. नवे नग ही सवय बरीच आवरतात, पण ती जात नाही. ज्याला दोष म्हणून दीडशे वर्षं हिणवलं, तो आत न दाबण्याचा गुण इथे कामाला येतो.

आणि हिणवण्याचं निम्मं कारणही आता उरलेलं नाही. ईटनने 2009 च्या कॉर्वेट झेडआर1 साठी जो टीव्हीएस नावाचा नवा रूट्स आणला, त्यात तीनऐवजी चार पाळ्या आणि 60 ऐवजी 160 अंशांचा पीळ. पीळ वाढल्याने हवा एकदम न सुटता सावकाश सुटते, उलटा धक्का बोथट होतो, तापमान स्क्रूच्या शेजारी येऊन बसतं. 2020 च्या शेल्बी जीटी500 मध्ये याचाच 2.65 लिटरचा नग आहे, 760 अश्वशक्तीचा. सूर थोडा गेला, हे खरं. जुन्या मस्टँग कोब्राच्या ब्लोअरचं ते कण्हणं त्यात नाही, आणि त्याचं मला वाईट वाटतं.

तर माझी निवड टीव्हीएस, पण दहा पाउंडांवर नव्हे, सहावर. पुढचा रेडिएटर मिळेल तेवढा मोठा. इंधनाचं म्हणाल तर पंपावरचं ई20 वाटतं तितकं वैरी नाही. उष्मांक कमी म्हणून इंजेक्टर मोठे लागतात, ते घ्यावेच लागतील. पण इथेनॉलची ऑक्टेन वरची, आणि बाष्प होताना ते पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता ओढून घेतं. वाळ्याच्या ताटीवर पाणी मारून खोली गार करणाऱ्या गावाला हे तत्त्व समजावायला नको.

शेवटचं कलम पुलीचं. पोकळीवाल्या ब्लोअरचा दाब वरच्या पुलीच्या व्यासावर ठरतो: मोठी पुली, हळू रोटर, कमी दाब. म्हणून मी एक नव्हे, दोन पुल्या ठेवीन. होळीला मोठी चढवायची, दिवाळीला छोटी; बेल्ट लांबीने वेगळा, ट्यूनची फाइलही वेगळी. स्क्रूवाले मित्र म्हणतात की एवढी उठाठेव करायची तर आमचाच नग घे, आवाज तरी मिळेल. आवाजाचा मुद्दा मी खोडू शकत नाही.