मायना, स्वाक्षरी आणि तिसरा वाचक : अणुचाचणीविरोधी पत्रव्यवहाराचे वाचन

पत्र या लेखनप्रकाराकडे पाहण्याची जी दृष्टी मराठी समीक्षेने घडवली, तिच्या मुळाशी आत्मीयतेचा निकष आहे. साने गुरुजींची ‘सुंदर पत्रे’ असोत की जी. ए. कुलकर्णी यांच्या मृत्यूनंतर खंडशः प्रसिद्ध झालेली पत्रे असोत. पत्रलेखकाचे मन किती अनावृत होते, एका माणसाने दुसऱ्या एकाच माणसाशी साधलेला संवाद किती निर्व्याज आहे, हेच प्रश्न त्यांच्या मूल्यमापनात मध्यवर्ती ठरतात. ज्या पत्रांना हा निकष लागू पडत नाही त्यांची व्यवस्था अन्यत्र केली जाते. राजवाड्यांनी १८९८पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या खंडांतून प्रसिद्ध केलेली पत्रे इतिहासाच्या स्वाधीन झाली. लोकहितवादींची ‘शतपत्रे’ निबंधाच्या इतिहासात गेली. १८४८ ते १८५० या काळात ‘प्रभाकर’मधून आलेल्या त्या एकशे आठ पत्रांचा मायना, त्यांतील संबोधित आणि त्यांखालची टोपणसही हे अर्थाचे घटक आहेत, असे मानून ती वाचण्याची गरज समीक्षेला फारशी भासलेली नाही. आणि एकच मजकूर शेकडो-हजारो लोकांकडे गेला, तर त्याला मराठीत परिपत्रक म्हणतात. परिपत्रकाला वाङ्मयात जागा नसते.

या वर्गवारीची मर्यादा ज्या पत्रव्यवहारासमोर स्पष्ट होते तो पत्रव्यवहार अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांचा आहे. अण्वस्त्रचाचण्यांविरुद्धच्या मोहिमेत, विशेषतः १९५७ ते १९६३ या वर्षांत, त्यांनी आणि त्यांच्या पत्नी अॅव्हा हेलन यांनी जगभरच्या वैज्ञानिकांशी तो केला. मोहिमेचा संदर्भ भारतीय वाचकाला अपरिचित नाही. १ मार्च १९५४ रोजी बिकिनी प्रवाळद्वीपावर झालेल्या हायड्रोजन बॉम्बच्या स्फोटाची राख एका जपानी मासेमारी बोटीवरील तेवीस खलाशांवर पडली. त्यांपैकी आइकिची कुबोयामा त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये मरण पावला. २ एप्रिल १९५४ रोजी नेहरूंनी लोकसभेत चाचण्या स्थगित ठेवण्याच्या कराराची सूचना मांडली. १९५६मध्ये दौलतसिंग कोठारी यांचा अणुस्फोटांच्या परिणामांवरील ग्रंथ भारत सरकारने प्रसिद्ध केला आणि त्याच्या सिद्धतेत होमी भाभांबरोबर मुंबईचे विकृतिशास्त्रज्ञ वसंत रामजी खानोलकर यांचा सहभाग होता. म्हणजे माहिती उपलब्ध होती. पॉलिंग यांच्या पत्राने नवी माहिती दिली नाही. त्याने माहिती असणाऱ्यांना सही करायला सांगितले. हा फरक वाङ्मयप्रकाराचा फरक आहे.

१५ मे १९५७ रोजी सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील भाषणानंतर पॉलिंग यांनी बॅरी कॉमनर व एडवर्ड कॉन्डन यांच्यासह आवाहनाचा मसुदा केला. मजकूर अगदी थोडा आहे. प्रत्येक चाचणी किरणोत्सर्गाचा भार जगाच्या सर्व भागांवर वाढवते, वाढलेला प्रत्येक अंश आरोग्याला अपाय करतो आणि पुढच्या पिढ्यांत सदोष बालकांची संख्या वाढवतो, चाचण्या थांबवण्याचा आंतरराष्ट्रीय करार आत्ताच व्हायला हवा, एवढाच त्याचा आशय. विशेषणे जवळजवळ नाहीत; बिकिनीचे किंवा हिरोशिमाचे वर्णन नाही. आरंभी हे आवाहन ‘अमेरिकन वैज्ञानिकां’च्या नावाने होते आणि ते जगातील सरकारे व जनता यांना उद्देशून होते. काही आठवड्यांतच सुमारे दोन हजार अमेरिकन सह्या आल्या. पुढे पॉलिंग दांपत्याने घरूनच, थोड्या स्वयंसेवकांच्या मदतीने, ते देशोदेशी पाठवले तेव्हा पहिल्या वाक्यातील ‘अमेरिकन’ हा शब्द गळाला आणि संबोधितही बदलला; आता ते संयुक्त राष्ट्रसंघाला केलेले निवेदन झाले. जानेवारी १९५८मध्ये ९,२३५ सह्यांनिशी ते डाग हॅमरशोल्ड यांच्या हाती देण्यात आले. अखेरीस हा आकडा ४९ देशांतील ११,०२१ वैज्ञानिकांपर्यंत गेला.

एक विशेषण गळणे हा पाठचिकित्सेच्या दृष्टीने क्षुल्लक पाठभेद वाटेल. पण येथे सारी संहिता त्यावर फिरते. इंग्रजी मजकुराचा कर्ता ‘वुई’ आहे आणि मराठीत या मजकुराचे नुसते मनातल्या मनात भाषांतर करू गेले तरी एक अडचण तत्काळ उभी राहते. मराठी प्रथमपुरुषी अनेकवचनात ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असा भेद करते. ‘आम्ही’ ऐकणाऱ्याला वगळतो, ‘आपण’ त्याला सामावून घेतो. इंग्रजीने झाकलेला हा भेद मराठी वाचक झाकू शकत नाही. पत्राच्या आरंभी खाली सही करणारे वैज्ञानिक बोलतात, तेथे ‘आम्ही’ अटळ आहे. पण पुढे तेच वैज्ञानिक म्हणतात की सर्व मानवांच्या कल्याणाची चिंता इतर माणसांप्रमाणे आम्हालाही आहे. येथे कर्ता ‘आपण’च्या उंबरठ्याशी येतो. आणि लगेच पुढच्या वाक्यात तो माघारी फिरतो : धोक्याचे ज्ञान आम्हाला आहे, म्हणून ते सांगण्याची विशेष जबाबदारी आमची. माणूस म्हणून सामान्य, जाणकार म्हणून वेगळा, या दोन स्थानांमधली ही ये-जा पत्राच्या युक्तिवादाचा कणा आहे. ‘अमेरिकन’ हा शब्द होता तोवर ‘आम्ही’ला राष्ट्राची कड होती, तो गेल्यावर ‘आम्ही’ची सीमा फक्त ज्ञानाने आखली गेली. मुंबईचा, टोकियोचा, लेनिनग्राडचा वैज्ञानिक त्या ‘आम्ही’त शिरू शकतो आणि शिरण्याची क्रिया म्हणजेच सही.

जुन्या मराठी राजपत्राच्या शेवटी ‘लेखनसीमा’ असे लिहीत, मोर्तब करीत. मजकूर येथे संपला, याखाली कोणी काही जोडू नये, असा त्याचा अर्थ. निवेदनपत्राची रचना नेमकी उलटी असते. त्याच्या मजकुराखाली जागा कोरी सोडलेली असते आणि ती भरेपर्यंत पत्र पुरे होत नाही. वाचक हा येथे अर्थनिर्णय करणारा तर आहेच, शिवाय संहितेचा सहकर्ताही आहे. वाचककेंद्री समीक्षा जे रूपकाने म्हणते ते येथे शब्दशः घडते.

कर्तृत्वाचा हा प्रश्न दुसऱ्या टोकाने एका मराठी वैज्ञानिकाने हाताळला होता, हा योगायोग लक्षात घेण्यासारखा आहे. गणिती दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी पावणेचारशेच्या आसपास हस्तलिखिते पडताळून भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती १९४८मध्ये सिद्ध केली. त्यांच्यापुढची अडचण अशी होती की एका नावाखाली अनेकांचे श्लोक शतकानुशतके गोळा होत गेले होते. सर्व परंपरांत समान आढळणारे सुमारे दोनशे श्लोक त्यांनी वेगळे काढले. भर्तृहरीत नाव एक आणि मजकूर अनेकांचा. निवेदनपत्रात मजकूर एक आणि नावे अनेकांची. पहिल्यात कर्ता शोधावा लागतो, दुसऱ्यात तो मोजता येतो. पण मोजता येतो म्हणून तो सुरक्षित असतो असे मात्र नाही.

याचा प्रत्यय १९६०मध्ये आला. अमेरिकन सिनेटच्या अंतर्गत सुरक्षा उपसमितीने पॉलिंग यांना पाचारण केले. २१ जूनच्या सुनावणीत आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये सिनेटर थॉमस डॉड यांच्या समितीला हवे होते ते सह्या गोळा करणाऱ्यांची नावे आणि सह्यांबरोबर आलेली पत्रे. सही करणाऱ्यांची नावे गुप्त नव्हतीच. ती संयुक्त राष्ट्रसंघाकडे दिलेलीच होती. पॉलिंग यांनी नकार दिला तो सह्या मिळवण्यास मदत करणाऱ्यांची नावे देण्यास. सद्हेतूने पुढे आलेल्या या माणसांना त्याची शिक्षा भोगावी लागेल, ही त्यांची भूमिका होती. समितीने अखेर अवमानाची कारवाई केली नाही.

पत्रवाङ्मयाच्या मीमांसेसाठी हा प्रसंग कळीचा आहे. प्रत्येक पत्राला लेखक व संबोधित यांखेरीज एक तिसरा वाचक संभवतो : पाकीट फोडणारा, चाळणारा, पुरावा शोधणारा. खासगी पत्राच्या संग्रहाचा संपादक आणि समीक्षक हेही सौम्य अर्थाने तिसरे वाचकच. सत्तेचा वाचक मात्र पत्र त्याच्या आशयासाठी वाचत नाही. त्याला त्यातून नावांचे जाळे हवे असते. पॉलिंग यांनी त्या दिवशी दोन कागदांत भेद केला. सही हा जगापुढे केलेला उच्चार, तो उघड. आणि त्या सहीपर्यंत पोचवणारे पत्र हा दोघांमधला विश्वास, तो बंद. म्हणजे ज्याला परिपत्रक म्हणून वाङ्मयाबाहेर ठेवले जाते त्याच्या पोटात आत्मीय पत्र होतेच, आणि त्याची आत्मीयता मनाच्या अनावरणावर अवलंबून नव्हती. ती एकमेकांना न सोडण्यावर अवलंबून होती. मराठी समीक्षेचा निकष टाकून देण्याचे कारण नाही. पण आत्मीयता ओळखायची कोठे, हे तिला नव्याने ठरवावे लागेल.

याच पत्रव्यवहारातील एकट्याच्या सहीचा मजकूर मात्र उणा वाटतो. १९६१च्या ऑक्टोबरमध्ये सोव्हिएत संघाच्या प्रचंड बॉम्बच्या चाचणीपूर्वी पॉलिंग यांनी ख्रुश्चेव यांना लिहिले. १ मार्च १९६२ रोजी वातावरणातील चाचण्या पुन्हा सुरू होण्याच्या बेतावर त्यांनी केनेडींना तार केली आणि तीत इतिहास तुम्हाला अनीतिमान म्हणून ओळखेल अशा आशयाची कठोर भाषा वापरली. (त्यानंतर आठच आठवड्यांनी, दिवसा व्हाइट हाउसबाहेर निदर्शनांत उभे राहून संध्याकाळी ते आत नोबेल-मानकऱ्यांच्या मेजवानीला गेले. दोन्ही बाजूंनी सभ्यता पाळली गेली, हे विशेष.) आत्मीयतेच्या रूढ निकषावर ही तार अधिक ‘खरी’ ठरेल, कारण तीत माणसाचा संताप दिसतो. परंतु पत्र म्हणून ती दुबळी आहे. ती संबोधिताला उत्तर देण्याजोगी जागाच ठेवत नाही. १९५७च्या मजकुरातला संयम हा आखडता हात नव्हता. समोरच्याला आत घेण्याची ती युक्ती होती.

अर्थात त्या संयमाची किंमत आहे आणि ती कोसंबींच्या लेखनाशेजारी ठेवल्यावर दिसते. कोसंबी जागतिक शांतता चळवळीत सक्रिय होते. १९५०च्या स्टॉकहोम आवाहनामागे असलेल्या फ्रेडरिक झोलिओ-क्यूरी यांच्या परंपरेतले ते वैज्ञानिक. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत असताना पुण्याहून डेक्कन क्वीनने कल्याणमार्गे मुंबईला जाणारे-येणारे हे गृहस्थ शांतता, साम्राज्यवाद आणि विज्ञानाचे स्वातंत्र्य यांवर इंग्रजीत निबंध लिहीत होते. त्यांतले काही ‘एक्झॅस्परेटिंग एसेज’ या संग्रहात पुण्यातच प्रसिद्ध झाले, तेही १९५७मध्येच. वॉशिंग्टनमधल्या पहिल्या सुनावणीनंतर महिनाभराने, जुलै १९६०मध्ये, त्यांनी पुण्याच्या रोटरी क्लबपुढे अणुऊर्जेवर व्याख्यान दिले आणि भारतासारख्या देशाला सूर्य उपलब्ध असताना हा खर्चिक मार्ग कशासाठी, असा प्रश्न केला. पॉलिंग यांचे निवेदन कारणांविषयी मौन पाळते. बॉम्ब कोण बनवतो, कोणाच्या हितासाठी, याचा उच्चार केला असता तर अकरा हजार सह्या मिळाल्या नसत्या. कोसंबी कारणेच सांगतात, आणि उपरोधाने सांगतात; पण त्यांच्या निबंधाखाली दुसऱ्या कोणाला सही करता येत नाही. त्यांचे वाक्य वाचकाला पटवते, डिवचते, क्वचित अपमानितही करते. कोरी जागा ठेवत नाही. सहमती मिळवणारे लेखन कारण गाळते आणि कारण सांगणारे लेखन एकटे पडते, हा पेच दोघांपैकी कोणीही सोडवलेला नाही.

एकटेपणाचा व्यावहारिक अर्थही होता. १९६२मध्ये संस्थेतील कोसंबींचा करार पुढे चालू राहिला नाही. त्यामागची कारणे एकेरी नव्हती, रिमान गृहीतकाविषयीच्या त्यांच्या दाव्याने गणितज्ञांत ओढवलेली नाराजीही त्यांत होती. तरीही अणुधोरणावरील उघड मतभेद या हकिगतीतून वजा करता येत नाही. पुढच्याच वर्षी, ५ ऑगस्ट १९६३ रोजी, मॉस्कोत आंशिक चाचणीबंदी करारावर सह्या झाल्या आणि त्याच महिन्यात भारत त्यात सामील झाला. करार अमलात आला त्या दिवशी, १० ऑक्टोबरला, पॉलिंग यांना १९६२चे शांतता पारितोषिक जाहीर झाले.

लोकहितवादी सरकारी नोकरीत होते आणि त्यांनी टोपणसही केली. कोसंबी सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत होते आणि त्यांनी स्वतःच्या नावाने लिहिले, परंतु ज्या भाषेत त्यांच्या वडिलांनी, धर्मानंदांनी, ‘निवेदन’ हे आत्मकथन केले ती मराठी त्यांनी या विषयासाठी क्वचितच वापरली. मराठी वाचकाला उद्देशून ‘आपण’ म्हणायचे की ‘आम्ही’, हा निर्णय त्यामुळे त्यांच्या भाषांतरकारांवर येऊन पडतो. तो घेताना ‘शतपत्रां’तील सर्वनामे उपयोगी पडतील, ब्राह्मणांना ‘तुम्ही’ म्हणून फटकारणारा लेखक कोणत्या वाक्यात ‘आपले लोक’ म्हणू लागतो, ते तेथे पत्रागणिक तपासता येते. मात्र त्यासाठी ती आधी निबंधांच्या रांगेतून उठवून, ‘प्रभाकर’च्या ज्या अंकांत ती आली त्या अंकांच्या तारखांसह, पत्रे म्हणून मांडावी लागतील.