चार स्क्रूंची गिटार

पहिल्या नोकरीच्या पैशांतून मी लेस पॉलच्या आकाराची गिटार घेतली, कारण जिमी पेजच्या गळ्यात ती असायची. ‘स्टेअरवे टू हेवन’चा सोलो हॉस्टेलवर इतक्या वेळा ऐकला होता की दुसरा कुठला आकार डोक्यात येणं शक्यच नव्हतं. वर्षभराने कळलं की १९७१चा तो सोलो पेजने लेस पॉलवर वाजवलेलाच नाही. तो टेलिकास्टरवर वाजवलाय. लेड झेपलिनचा पहिला अल्बमसुद्धा बहुतेक सगळा त्याच टेलिकास्टरवरचा. आणि स्ट्रॅटोकास्टर म्हटल्यावर ज्याचा चेहरा समोर येतो त्या डेव्हिड गिल्मरने ‘अनदर ब्रिक इन द वॉल’च्या दुसऱ्या भागातला सोलो वाजवला लेस पॉलवर! म्हणजे मी गिटार कानांनी निवडली नव्हती, पोस्टर बघून निवडली होती.

तेव्हापासून ‘कुठली गिटार घेऊ?’ असं कुणी विचारलं की मला ‘हिचा आवाज उबदार, तिचा चमकदार’ असली उत्तरं द्यायला जिवावर येतं. आवाज वेगळे आहेत, नाही असं नाही. पण या तीन गिटारी म्हणजे तीन वेगळ्या माणसांनी सोडवलेली तीन वेगळी गणितं आहेत, आणि ती गणितं कळल्याशिवाय विशेषणांना काही अर्थ नाही.

टेलिकास्टरपासून सुरुवात करू. लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. त्याला गिटार वाजवता येत नव्हती, आणि माझ्या मते तेच बरं झालं. गिटारबद्दल भक्तिभाव नसल्यामुळे त्याने ती रेडिओसारखी बघितली: बिघडणार, उघडावी लागणार, भाग बदलावा लागणार. १९५० साली त्याने लाकडाची एक सपाट फळी घेतली आणि तिला मान चार स्क्रूंनी बसवली. जुन्या घराण्यातल्या कारागिरांना हे सुतारकाम वाटलं असेल, पण मान खराब झाली तर स्क्रू काढा, दुसरी लावा. सुरुवातीचं ब्रॉडकास्टर हे नाव ग्रेचच्या ड्रम्सच्या नावाशी जुळत असल्यामुळे १९५१मध्ये बदलावं लागलं. आम्ही सॉफ्टवेअरवाले ‘मॉड्युलर’ हा शब्द चहाच्या घोटागणिक वापरतो. तो खऱ्या अर्थाने समजलेला माणूस हा.

गिब्सनचं घराणं उलट. मिशिगनमधल्या कॅलमझूची ही कंपनी व्हायोलिनसारख्या कोरीव गिटारी करणारी. त्यांनी १९५२मध्ये लेस पॉल आणली ती महोगनीवर मेपलचा कोरलेला फुगीर माथा बसवून, मान सरसाने कायमची चिकटवून. सुंदर वस्तू आहे, वादच नाही. पण तिचं डोकं सतरा अंशांत मागे झुकलेलं, मान आणि डोकं महोगनीच्या एकाच तुकड्यातून कापलेलं, आणि नेमक्या त्याच सांध्यापाशी आतल्या सळईसाठी लाकूड पोखरलेलं. स्टँडवरून पडली की तिथेच मोडते, हे दुरुस्ती करणाऱ्या कुणालाही विचारा. इतक्या वर्षांत हा दोष ‘परंपरा’ होऊन बसला, कारण बदलला तर गिऱ्हाईक म्हणणार, ही खरी लेस पॉल नाही.

पण गिब्सनची बाजू एका ठिकाणी फार भक्कम आहे, आणि तिथे मी जरा रेंगाळणार. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली बारीक तार. ती गिटारच्या तारेची थरथर पकडते तशी घरातल्या वायरिंगची गुणगुणही पकडते. अमेरिकेत ती ६० हर्ट्झची, आपल्याकडे ५०ची, म्हणजे सगळ्यात खालच्या ‘जी’ सुराच्या किंचित वर. गिब्सनच्या सेथ लव्हरने याचा इलाज केला तो शाळेतल्या गणितासारखा: दोन गुंडाळ्या घ्या, एकीचे वेढे उलटे, चुंबकाची दिशाही उलटी. बाहेरची गुणगुण दोन्हीत विरुद्ध चिन्हांनी येते आणि वजा होते. तारेचा आवाज दोनदा उलटून सुलट होतो आणि त्याची बेरीज होते. पेटंटचा अर्ज १९५५चा, पिकअप गिटारींवर आले १९५७मध्ये. या प्रक्रियेत वरचे तीक्ष्ण सूर थोडे बोथट होतात, आवाज जाड होतो. ज्याला लोक ‘उबदार’ म्हणतात तो असा गुणगुण मारण्याच्या खटपटीतून निघालेला आहे.

जुन्या इमारतीत, अर्थिंग नावापुरतं असलेल्या खोलीत सिंगल कॉइलची गिटार लावून बघा, मग लव्हरचं मोल कळेल. (तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी होत असेल तर घाबरू नका, तारा आतून ग्राउंडला जोडलेल्याच असतात.)

दुसरा फरक कुणी सांगत नाही, पण बोटांना तो पहिल्या दिवशी कळतो. फेंडरची तार साडेपंचवीस इंच, गिब्सनची पावणेपंचवीस. त्याच जाडीच्या तारेतून तोच सूर काढायचा तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे फेंडरवर साधारण सहा टक्के जास्त. नव्याने शिकणाऱ्याला तार खेचून सूर चढवताना हे सहा टक्के चांगलेच जाणवतात.

स्ट्रॅटोकास्टर १९५४ची. टेलीच्या कडा बरगड्यांत रुततात या वादकांच्या तक्रारीवरून तिचं अंग गोल तासलं. पिकअप तीन, स्विच तीन जागांचा. लोकांनी काय करावं? स्विच दोन जागांच्या मध्ये अडकवून ठेवायला सुरुवात केली, कारण तिथे दोन पिकअप एकदम चालू होऊन एक पोकळ, टणत्कारी आवाज येत होता, जो आराखड्यात नव्हताच. मार्क नॉफ्लरचा ‘सुलतान्स ऑफ स्विंग’ हा त्या मधल्या जागेचा आवाज. कंपनीने पाच जागांचा स्विच द्यायला १९७७ साल उजाडलं. माझ्या लेखी स्ट्रॅटच्या इतिहासातलं सगळ्यात सुंदर पान हेच: वापरणाऱ्यांनी सापडवलेली फट कंपनीने तेवीस वर्षांनी मान्य केली.

म्हणूनच आजच्या बाजारावर माझा राग आहे. फेंडर स्वतः आता कारखान्यात मुद्दाम रंग खरवडून, धातूला गंज चढवून ‘जुन्या’ गिटारी विकते, आणि कोऱ्या गिटारीपेक्षा महाग विकते. जी वस्तू वापरून झिजावी आणि भाग बदलत चालू राहावी म्हणून बनली, तिची झीजच विकायला काढली. गिल्मरची काळी स्ट्रॅट बघा. १९७० साली न्यूयॉर्कच्या दुकानातून घेतलेली. तिची मान त्याने अनेकदा बदलली, पिकअप बदलले. २०१९च्या लिलावात तिला ३९ लाख ७५ हजार डॉलर आले. पैसे हवामानबदलाच्या कामाला दिले, ते छानच. पण त्यातलं १९७०चं किती उरलं होतं? लिओच्या दृष्टीने ती अगदी बरोबर वापरलेली गिटार होती. आणि लेस पॉलची गंमत आणखी वेगळी: १९८७च्या ‘ॲपेटाइट फॉर डिस्ट्रक्शन’वर स्लॅशने जी वाजवली आणि जिच्यामुळे एका पिढीला लेस पॉल हवीशी झाली, ती गिब्सनने बनवलेलीच नव्हती. क्रिस डेरिग नावाच्या कारागिराने केलेली हुबेहूब नक्कल होती ती.

तर, कुठली घ्यायची? गेनचं बटण शेवटापर्यंत फिरवून वाजवणार असाल आणि घरातली वायरिंग जुनी असेल, तर हंबकरवाली घ्या आणि ती भिंतीला टेकवून ठेवू नका. सगळं थोडं थोडं वाजवून बघायचं असेल तर स्ट्रॅट. फक्त तिचा हलता ब्रिज नव्या माणसाला सूर लावताना रडवतो, एक तार आवळली की बाकीच्या उतरतात. मला विचाराल तर टेली. दोन पिकअप, दोन बटणं, एक स्विच. आवाज वाईट आला तर दोष द्यायला आपल्या हाताशिवाय फार काही उरत नाही, आणि हे सहन होत नाही म्हणूनच बरेच जण ती घेत नाहीत असा मला संशय आहे.

माझी लेस पॉल मी विकली. जो मुलगा न्यायला आला त्याच्या मोबाइलच्या वॉलपेपरवर स्लॅश होता. डेरिगची गोष्ट मी त्याला सांगितली, जिना उतरून जाईपर्यंत सांगत होतो. तो हसला, म्हणाला, ‘दादा, बॅगेची चेन कुठून उघडते तेवढं दाखवा.’