बरोबरीतील विजय : ‘हार्वर्ड बीट्स येल २९-२९’ या माहितीपटातील संस्थाभिमानाची चिकित्सा

प्रस्तावना

महाविद्यालय सोडल्यानंतर विद्यार्थ्याजवळ पदवी राहते, काही मित्र राहतात आणि संस्थेचे नाव राहते. यांपैकी संस्थेच्या नावाशी असलेले नाते सर्वांत टिकाऊ आणि तितकेच गूढ असते. वर्गात शिकलेले बरेचसे विस्मरणात जाते. मात्र आपल्या महाविद्यालयाच्या संघाने प्रतिस्पर्धी महाविद्यालयाला कोणत्या वर्षी हरविले, हे चाळीस वर्षांनंतरही सांगता येते. अमेरिकेतील विद्यापीठीय क्रीडाजीवनात ही प्रवृत्ती जितकी ठळकपणे दिसते तितकी क्वचितच अन्यत्र दिसत असेल. तेथे माजी विद्यार्थ्यांचा अभिमान आणि महाविद्यालयीन संघांमधील चुरस या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत.

केव्हिन राफर्टी यांचा ‘हार्वर्ड बीट्स येल २९-२९’ हा २००८ मधील माहितीपट या विषयावरील एक महत्त्वाची कलाकृती आहे. वरकरणी तो १९६८ मधील एका फुटबॉल सामन्याची कहाणी सांगतो. त्याच्या मुळाशी मात्र एक व्यापक प्रश्न आहे : संस्थेविषयीचा अभिमान नेमका कशावर उभा असतो? विजयावर, की प्रतिस्पर्ध्यावर? प्रस्तुत लेखात या माहितीपटाच्या आधारे या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. त्याचबरोबर हा माहितीपट स्वतःच त्या अभिमानापासून कितपत मुक्त आहे, हेही तपासावयाचे आहे.

सामना आणि त्याची पार्श्वभूमी

हार्वर्डची स्थापना १६३६ ची, तर येलची १७०१ ची. या दोन विद्यापीठांमधील क्रीडास्पर्धेचा प्रारंभ १८५२ मध्ये न्यू हॅम्पशायरमधील विनिपेसौकी सरोवरावरील नौकाशर्यतीने झाला. अमेरिकेतील पहिली आंतरमहाविद्यालयीन क्रीडास्पर्धा म्हणून तिची नोंद केली जाते. या शर्यतीमागे पुढाकार होता तो एका रेल्वे कंपनीचा. सरोवराकडे प्रवासी आकर्षित करणे हा तिचा हेतू होता. पुढे ज्या परंपरेला पावित्र्याचे वलय लाभले तिचा जन्म व्यापारी सोयीतून झाला, ही बाब लक्षणीय आहे. फुटबॉलमध्ये हे दोन संघ १८७५ पासून एकमेकांशी खेळत आले आहेत. त्यांच्या वार्षिक सामन्याला कोणतेही विशेषण न लावता ‘द गेम’ एवढेच म्हटले जाते. जगात जणू दुसरा सामनाच नाही, असा आत्मविश्वास या नावातून व्यक्त होतो.

२३ नोव्हेंबर १९६८ रोजी हार्वर्ड स्टेडियमवर सुमारे ४० हजार प्रेक्षकांसमोर हे दोन संघ उतरले तेव्हा दोघांनीही त्या हंगामातील आठही सामने जिंकलेले होते. दोन्ही संघ अपराजित असताना त्यांची गाठ पडण्याचा असा प्रसंग १९०९ नंतर प्रथमच आला होता. येलचे पारडे निर्विवादपणे जड मानले जात होते. हा संघ सलग सोळा सामने जिंकून आला होता. ब्रायन डाउलिंग हा त्याचा क्वार्टरबॅक, म्हणजे संघाच्या आक्रमणाची सूत्रे हाती असलेला खेळाडू होता. त्याची लोकप्रियता एवढी होती की, येलमधील विद्यार्थी गॅरी ट्रुडो यांनी आपल्या व्यंगचित्रमालिकेतील ‘बी. डी.’ हे पात्र त्याच्यावरून रेखाटले. हे पात्र पुढे ‘डून्सबरी’ या मालिकेतून सर्वदूर पोहोचले. काल्व्हिन हिल हा येलचा दुसरा आधारस्तंभ पुढील वर्षी व्यावसायिक फुटबॉलमध्ये गेला.

अपेक्षेप्रमाणे येलने २२-० अशी आघाडी घेतली. हार्वर्डच्या प्रशिक्षकांनी मग फ्रँक चँपी या राखीव क्वार्टरबॅकला मैदानात उतरविले. तरीही अखेरच्या ४२ सेकंदांपूर्वी गुणफलक येल २९, हार्वर्ड १३ असाच होता. विजय निश्चित मानून येलचे समर्थक पांढरे रुमाल हलवीत होते. त्यानंतर हार्वर्डने दोन टचडाउन केले. प्रत्येक टचडाउनचे सहा गुण आणि त्यास जोडून मिळविलेले दोन अतिरिक्त गुण, असे एकूण सोळा गुण झाले. यांतील शेवटचे दोन गुण तर घड्याळातील वेळ संपल्यानंतरचे होते. सामना २९-२९ असा बरोबरीत सुटला. ‘हार्वर्ड क्रिमसन’ या विद्यार्थी दैनिकाने बातमीला जे शीर्षक दिले, त्याचा आशय ‘हार्वर्डने येलला २९-२९ असे हरविले’ असा होता. राफर्टी यांनी तेच शीर्षक माहितीपटासाठी घेतले.

माहितीपटाची रचना

या माहितीपटाची रचना अत्यंत साधी आहे. एका बाजूला सामन्याचे जुने दूरचित्रवाणी चित्रण आणि दुसऱ्या बाजूला साठीकडे झुकलेल्या खेळाडूंच्या मुलाखती, एवढीच त्याची सामग्री आहे. स्वतंत्र निवेदन नाही, तज्ज्ञांची भाष्ये नाहीत. खेळाडू बोलतो, लगेच मैदानावरील दृश्य येते आणि पुन्हा दुसरा खेळाडू बोलू लागतो. त्यामुळे स्मृती आणि पुरावा या दोन गोष्टी सतत शेजारी उभ्या राहतात. कोणाची आठवण अचूक आणि कोणाची सोयीस्कर, याचा निवाडा दिग्दर्शक करीत नाही. तो प्रेक्षकावर सोपवितो. हा संयम माहितीपटाचे मोठे बलस्थान आहे.

मुलाखतींमधून १९६८ हे वर्ष हळूहळू आकार घेते. हार्वर्डच्या संघातील टॉमी ली जोन्स पुढे विख्यात अभिनेता झाला. तो मितभाषीपणे आपल्या निवासातील सहकारी अल गोर यांच्याविषयी सांगतो. बटणांच्या टेलिफोनवर गोर गाण्याची चाल वाजवीत असत, ही त्याची आठवण गमतीची आहे. दुसरीकडे व्हिएतनाम युद्धाची छाया प्रत्येकावर पडलेली आहे. हार्वर्डचा एक बचावपटू मरीन सैनिक म्हणून खे सान्हचा वेढा अनुभवून कॉलेजात परतलेला होता, आणि त्याच संघात युद्धविरोधी विचारांचे तरुणही होते. सामन्यानंतर पाच महिन्यांच्या आत, एप्रिल १९६९ मध्ये, हार्वर्डच्या प्रशासकीय इमारतीचा विद्यार्थ्यांनी ताबा घेतला आणि पोलीस बोलावले गेले. ज्या संस्थेच्या नावाने तरुण मैदानात एकत्र आले होते, तिच्याच विरोधात तरुण उभे राहिले. संस्थाभिमान आणि संस्थेविषयीचा असंतोष एकाच पिढीत, कधी एकाच मनात नांदू शकतात, हे सत्य माहितीपट कोणताही उपदेश न करता सूचित करतो.

अभिमान कशावर उभा राहतो?

क्रीडाप्रेमींच्या मानसशास्त्रातील एक प्रसिद्ध अभ्यास येथे उपयोगी पडतो. रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात सात अमेरिकन विद्यापीठांतील विद्यार्थ्यांचे निरीक्षण केले होते. फुटबॉल संघ जिंकल्यानंतरच्या सोमवारी विद्यापीठाचे नाव वा चिन्ह असलेले कपडे घालून येणाऱ्यांचे प्रमाण वाढत असे. सामन्याविषयी बोलतानाही विद्यार्थी विजयाच्या वेळी ‘आम्ही’ हे सर्वनाम अधिक वापरीत. पराभवाच्या वेळी हे ‘आम्ही’ कमी होई आणि संघ जणू परका होई. या दृष्टीने पाहता संस्थाभिमान म्हणजे दुसऱ्याच्या यशाच्या उजेडात उभे राहण्याची धडपड ठरते.

राफर्टी यांचा माहितीपट या स्पष्टीकरणाची मर्यादा दाखवून देतो. येथे विजयच नाही. तरीही चाळीस वर्षांनंतर दोन्ही बाजूंचे खेळाडू त्या दिवसाविषयी इतर कोणत्याही विजयापेक्षा अधिक उत्कटतेने बोलतात. येलने तो सामना सोळा गुणांनी जिंकला असता तर अनेक विजयांपैकी एक म्हणून त्याची नोंद झाली असती. हार्वर्डच्या दृष्टीनेही तो एक सन्माननीय पराभव ठरला असता. बरोबरीने मात्र दोघांना कायमचे एकत्र बांधले. हार्वर्डच्या खेळाडूला आपली कथा पूर्ण करण्यासाठी येलचा साक्षीदार लागतो, आणि येलच्या खेळाडूला आपले दुःख समजावून घेण्यासाठी हार्वर्डचा. प्रतिस्पर्धी हा अभिमानाचा शत्रू नसून त्याचा आधार आहे, हा या माहितीपटाचा गाभा म्हणता येईल.

फ्रॉईड यांनी मांडलेली ‘अल्प भेदांच्या आत्मप्रीती’ची संकल्पना येथे आठवते. जे समूह एकमेकांशी सर्वाधिक मिळतेजुळते असतात तेच परस्परांतील किरकोळ भेद हिरिरीने जपतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. हार्वर्ड आणि येल यांच्या बाबतीत हे तंतोतंत लागू पडते. दोन्ही संस्था जुन्या, श्रीमंत आणि प्रतिष्ठित होत्या. १९६८ मध्ये येलचे पदवी महाविद्यालय केवळ मुलांसाठी होते. तेथे मुलींना १९६९ पासून प्रवेश मिळू लागला. बाहेरच्या माणसाला या दोन संस्थांमधील फरक सांगणेही कठीण जावे. म्हणूनच वर्षातून एकदा हा फरक मैदानावर निर्माण करावा लागतो. गुणफलक तो फरक दाखवितो. १९६८ मध्ये गुणफलकानेच तो दाखविण्याचे नाकारले, आणि मग एका शीर्षकाला ते काम करावे लागले.

माहितीपटाच्या मर्यादा

या ठिकाणी माहितीपटावरील मुख्य आक्षेप उद्भवतो. ‘क्रिमसन’चे शीर्षक विनोदी आहे यात शंका नाही, परंतु तो एका पक्षाचा विनोद आहे. राफर्टी हे स्वतः हार्वर्डचे माजी विद्यार्थी. मुलाखतींमध्ये त्यांनी दोन्ही बाजूंना न्याय दिला आहे. शीर्षकात मात्र आपल्या बाजूचा झेंडा फडकाविला आहे. येलच्या दृष्टीने पाहिल्यास ते नाव ही एक जुनी जखम आहे. माहितीपट ज्या अभिमानाची तपासणी करतो, त्याच अभिमानाचा तो एक आविष्कारही आहे. हा दोष मानावा की प्रामाणिकपणा, यावर मतभेद होऊ शकतात. तथापि अभिमानाची चिकित्सा करणाऱ्याने स्वतःच्या अभिमानाचा उल्लेख तरी करावयास हवा होता.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. माहितीपटात केवळ खेळाडू बोलतात. स्टेडियममध्ये बसलेले हजारो प्रेक्षक, दरवर्षी त्या सामन्यासाठी परतणारे माजी विद्यार्थी यांचा आवाज त्यात नाही. खेळाडूच्या अभिमानामागे श्रम असतात, शारीरिक वेदना असते. येलचा एक बचावपटू तर विरोधी खेळाडूला इजा करण्याचा आपला हेतू होता, हेही कबूल करतो. त्या कबुलीमागे पश्चात्तापाची शक्यता असते. प्रेक्षकाचा अभिमान मात्र अशी कोणतीही किंमत न मोजता मिळतो. म्हणूनच त्याची चिकित्सा अधिक आवश्यक होती.

ही आवश्यकता किती खरी आहे, हे अलाबामा राज्यातील एका घटनेवरून कळते. ऑबर्न विद्यापीठ आणि अलाबामा विद्यापीठ यांच्यातील नोव्हेंबर २०१० मधील सामना ऑबर्नने २८-२७ असा जिंकला. त्यानंतर अलाबामाच्या एका चाहत्याने ऑबर्न येथील टूमर्स कॉर्नरवरील जुन्या ओक वृक्षांना विष घातले. विजयानंतर याच वृक्षांवर कागदी फिती टाकून आनंद साजरा करण्याची ऑबर्नची परंपरा होती. वृक्ष वाचविता आले नाहीत. २०१३ मध्ये ते काढून टाकावे लागले आणि त्याच वर्षी त्या चाहत्याने न्यायालयात गुन्हा कबूल केला. विशेष म्हणजे हा चाहता अलाबामा विद्यापीठाचा माजी विद्यार्थी नव्हता. ज्या संस्थेत तो कधी शिकला नाही, तिच्या नावाने त्याने प्रतिस्पर्ध्याचे प्रतीक नष्ट केले. प्रतिस्पर्धी हा आपल्या अभिमानाचा साक्षीदार आहे, ही जाणीव नष्ट झाली की चुरशीचे द्वेषात रूपांतर होते.

माजी विद्यार्थ्यांचा अभिमान निरुपद्रवी असतोच असे नाही, हे अमेरिकेत फार पूर्वी लक्षात आले होते. कार्नेगी प्रतिष्ठानच्या १९२९ मधील अहवालाने महाविद्यालयीन क्रीडाक्षेत्रातील खेळाडूंची भरती आणि त्यांना दिले जाणारे आर्थिक साहाय्य यांवर कठोर टीका केली होती. हार्वर्ड आणि येल यांचा समावेश असलेल्या आयव्ही लीगने क्रीडाशिष्यवृत्ती न देण्याचे धोरण स्वीकारले. १९६८ च्या सामन्यातील खेळाडू विद्यार्थीच राहिले, याचे बरेचसे श्रेय या धोरणाला द्यावे लागते. माहितीपटाने या संस्थात्मक बाजूचा विचार केला असता तर त्याच्या आशयाला अधिक खोली लाभली असती.

समारोप

या मर्यादा मान्य करूनही ‘हार्वर्ड बीट्स येल २९-२९’ चे मोल कमी होत नाही. सामन्याचा नायक ठरलेला फ्रँक चँपी पुढील हंगामात फुटबॉल सोडून देतो, ही एकच वस्तुस्थिती बरेच काही सांगून जाते. ज्याच्यामुळे हजारो लोकांना आयुष्यभर पुरणारा अभिमान मिळाला, त्याला स्वतःला त्या अभिमानात राहावेसे वाटले नाही. संस्थाभिमान हा बहुतेकदा मैदानाबाहेरच्यांचीच गरज असतो, असा याचा अर्थ लावता येईल.

१९९६ पासून अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलच्या सर्वोच्च विभागातील नियमित सामन्यांनाही ज्यादा वेळेचा नियम लागू झाला आणि बरोबरी इतिहासजमा झाली. प्रत्येक सामन्याचा निकाल लागलाच पाहिजे, असा आग्रह आता नियमांनीच धरला आहे. अशा काळात एका अनिर्णित सामन्याची ही कहाणी शिक्षणसंस्थांना उपयुक्त विचार देते. विद्यार्थ्यांमध्ये संस्थेविषयी अभिमान निर्माण करणे सोपे असते, त्यासाठी एक प्रतिस्पर्धी पुरेसा असतो. त्या प्रतिस्पर्ध्याला आपल्या बरोबरीचे मानावयास शिकविणे मात्र कठीण असते, आणि खेळातून शिक्षण घडत असेल तर ते याच ठिकाणी घडते.