वाढवलेल्या बोलीला उत्तर : एका 'प्रमेया'ची तपासणी

पत्त्यांच्या खेळावरील पुस्तकाचे परीक्षण या पानांवर पाहून काही शिक्षक वाचकांच्या कपाळाला आठ्या पडतील. पैसे लावून खेळण्याची भलामण आम्हाला करायची नाही. खालील सर्व हिशेब आम्ही चिंचोक्यांतच मांडणार आहोत. परंतु डेव्हिड स्क्लान्स्की या अमेरिकन खेळाडूचे 'द थिअरी ऑफ पोकर' (१९८७) हे पुस्तक संभाव्यता शिकवणाऱ्यांनी एकदा तरी चाळावे असे आम्हाला वाटते. त्यात शिकण्यासारखे बरेच आहे आणि सावध राहण्यासारखेही आहे.

खेळाचे स्वरूप थोडक्यात असे. प्रत्येकाच्या हातात दोन झाकलेली पाने असतात. मध्यभागी सर्वांसाठी पाच पाने टप्प्याटप्प्याने उघडतात : आधी तीन, मग एक, मग एक. प्रत्येक टप्प्यावर बोली लावता येते. आपण बोली लावली आणि समोरच्याने ती वाढवली, तर तीनच मार्ग उरतात : पाने टाकून द्यायची, फरक भरून खेळात राहायचे, किंवा पुन्हा बोली वाढवायची. निवड कशाच्या आधारे करायची, हा प्रश्न पुस्तकात जागोजागी येतो.

पहिला आधार किमतीचा. समजा, आपल्या हातात दोन बदाम आहेत आणि उघडलेल्या चार पानांतही दोन बदाम आहेत. शेवटचे पान बदामाचे निघाले तर आपण जिंकू असे धरू. मध्ये ६० चिंचोके होते. आपण २० लावले, समोरच्याने ६० केले. आता मध्ये १४० चिंचोके आहेत आणि खेळात राहायला आपल्याला आणखी ४० भरायचे आहेत. न दिसलेली पाने ४६, त्यांत बदाम ९. असा डाव ४६ वेळा पडला तर सरासरीने ९ वेळा १४० मिळतील, म्हणजे १२६०. आणि ३७ वेळा ४० जातील, म्हणजे १४८०. एकूण तोटा २२० चिंचोक्यांचा. तेव्हा पाने टाकावीत. मात्र बदाम आल्यावर शेवटच्या फेरीत समोरच्याकडून सरासरी आणखी २५ चिंचोके काढता येणार असतील, तर हेच उत्तर उलटते. हा भविष्यातल्या कमाईचा विचार लेखकाने फार सुबोध केला आहे.

दुसरा आधार अधिक महत्त्वाचा. वाढवलेली बोली ही किंमत असते, तशीच ती बातमीही असते. लेखकाच्या पद्धतीने आम्ही एक उदाहरण रचले आहे. आपल्या हातात दोन राण्या आहेत. समोरच्याकडे दोन एक्के किंवा दोन राजे असण्याची शक्यता १२२५ जोड्यांत १२, म्हणजे शेकडा १. मध्यभागी एकही पान उघडण्यापूर्वीच त्याने बोली वाढवली. तो केवळ दोन एक्के, दोन राजे किंवा एक्का-राजा असेल तरच वाढवतो, हे आपल्याला ठाऊक आहे. अशा जोड्या अनुक्रमे ६, ६ आणि १६, एकूण २८. त्यांतल्या १२ आपल्याला भारी आहेत. शेकडा १ ची भीती एका बोलीने शेकडा ४३ वर नेली. पाने तीच राहिली, आपले ज्ञान बदलले. सशर्त संभाव्यतेचे याहून बोलके उदाहरण आमच्या पाहण्यात नाही.

आता आमची तक्रार. लेखकाने आपल्या मुख्य सूत्राला 'पोकरचे मूलभूत प्रमेय' असे भारदस्त नाव दिले आहे. त्याचा आशय असा : समोरच्याची पाने दिसत असती तर आपण जसे खेळलो असतो त्याहून वेगळे खेळलो, की त्याचा फायदा होतो, तसेच खेळलो, की त्याचे नुकसान होते. गणितात प्रमेय म्हटले की गृहीतके आणि सिद्धता आल्याच. इथे एक उपयुक्त बोधवाक्य आहे, प्रमेय नाही. शिवाय तिघे किंवा अधिक खेळाडू असतील तर ते नेहमी खरेही ठरत नाही. एकाच्या चुकीचा लाभ दुसऱ्याला न होता तिसऱ्याला होऊ शकतो. अँडी मॉर्टन या खेळाडूने दाखवून दिलेली ही गोष्ट त्याच्याच नावाने ओळखली जाते.

याहून मोठी अडचण 'चूक' या शब्दाची आहे. समजा, किंमत पाहता राण्या टाकणेच योग्य होते. आपण टाकल्या आणि समोरच्याने एक्का-राजा दाखवला. सूत्रानुसार ही चूक. ही चूक म्हणजे वाईट खेळ नव्हे, असे लेखक स्वतःच स्पष्ट करतो, हे नमूद केले पाहिजे. तरीही शब्द मनात घर करतोच, आणि वाचक निर्णयाची परीक्षा उघडलेल्या पानांवरून करू लागतो.

खरे तर पुस्तकातच याचा उतारा आहे. फसव्या बोलीवरील प्रकरणात लेखक खेळाच्या गणिती सिद्धांताकडे वळतो. फॉन नॉयमन आणि मॉर्गेनस्टर्न यांनी १९४४ सालच्या ग्रंथात सोप्या केलेल्या पोकरवर हाच विचार मांडला होता : फसवी बोली हा योग्य खेळाचाच भाग आहे, म्हणून तिला द्यायचे उत्तरही प्रमाणात बसवावे लागते. शेवटच्या फेरीत १४० साठी ४० भरायचे असतील, तर समोरचा नऊपैकी दोनाहून अधिक वेळा फसवत असेल तरच फरक भरणे फायद्याचे. २०१५ साली अल्बर्टा विद्यापीठातील संशोधकांनी मर्यादित बोलीचे दोघांचे पोकर संगणकाने जवळजवळ पूर्ण सोडवले. त्या उत्तरात समोरच्याच्या एका हाताचा अंदाज नसतो. सगळ्या संभाव्य हातांचा एकत्र विचार असतो.

शिक्षकांना आमची सूचना अशी. चार एक्के आणि चार राजे मुलांपुढे ठेवा आणि दोन-दोन पानांच्या सगळ्या जोड्या लिहायला सांगा, २८ भरतील. मग दोन राजे आपल्या हाती घ्या आणि पुन्हा मोजायला सांगा. जोड्या १५ उरतील, आणि दोन एक्क्यांचा वाटा २८ त ६ वरून १५ त ६ होईल. आपल्या हातातली पानेही समोरच्याविषयी काही सांगतात, हे मुले स्वतः शोधतील. उत्तरपत्रिका तपासताना रीत बरोबर आणि उत्तर चुकलेले, किंवा रीत चुकून उत्तर जुळलेले, अशा दोन्ही गोष्टी आपल्याला रोज भेटतात. गुण कशाला द्यायचे, याचा विचार या पुस्तकाच्या निमित्ताने झाला तर ते वाचणे सार्थकी लागेल.